मशीन कोणते घ्यावे?

(एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुटीपासून आमच्या चौघांच्या टोळक्यात एक वाद चालू आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर तो रंगतो, चहाच्या टपरीवर रंगतो, आणि एकदा तर इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर रंगल्यामुळे आम्हा दोघांना वर्गाबाहेर उभे राहावे लागले. वादाचा विषय असा : गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा? हेवी मेटलसाठीच बनविलेला, गर्जणारा, की साधा स्वच्छ आवाज देणारा आणि कुठल्याही गाण्याला चालणारा?

शेतमालाचे भाव, बेकारी, स्पर्धा परीक्षा असे विषय पडलेले असताना वार्षिकांकाची पाने यासाठी कशाला खर्ची घालायची, असे कुणीही विचारील. पण आमच्यापाशी चौघांचे मिळून १४,००० रुपये आहेत. त्यातले माझे ५,००० मी दिवाळीच्या सुटीत जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाऱ्यात उभा राहून मिळविले आहेत. माझी माय हा आकडा ऐकून एवढेच म्हणाली, "इतला पैसास्मा दोन बकऱ्या येतीन." घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे दोन बकऱ्या सोडून मी काय घेतो आहे याचा हिशेब मला द्यावाच लागणार. हा लेख म्हणजे तो हिशेबच समजावा.

आधी थोडी माहिती. आमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायरला सरळ 'मशीन' म्हणतात, तोच शब्द मी वापरतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती मोठी करून कर्ण्याला देणे हे मशीनचे काम. आता त्याच्या कुवतीबाहेर मोठी करायला सांगितली, तर आवाजाच्या लाटेचा माथा वर जागा नसल्यामुळे छाटला जातो. छाटलेल्या लाटेतून मूळ सुरात नसलेले अनेक वरचे सूर निघतात, आवाज खरखरीत आणि जाड होतो, आणि तार पुष्कळ वेळ निनादत राहिल्यासारखी वाटते. हा खरे म्हणजे दोष. परंतु याच दोषावर हेवी मेटलचा सगळा डोलारा उभा आहे.

दोषाचा गुण कसा झाला ती कथा मोठी गमतीची आहे. १९५८ साली लिंक रे नावाच्या अमेरिकन वादकाने आवाज फाटका यावा म्हणून स्पीकरच्या कागदाला भोके पाडली. १९६४ साली इंग्लंडमधल्या किंक्स या मंडळीतल्या डेव्ह डेव्हिसने तोच कागद दाढीच्या पात्याने चिरला. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावचा फाटका कर्णा आठवला. दर गणपतीत तो खरखरायचा आणि मंडळाचे अध्यक्ष दर वर्षी मशीनवाल्याचे पैसे कापायचे. बिचारा इंग्लंडात जन्मला असता तर नावाजला गेला असता!

पुढे जिम मार्शल या लंडनच्या ड्रमवादकाने आपल्या वाद्यांच्या दुकानात १९६२ साली मशीन तयार केले. नमुना मात्र फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बेसमन मशीनचा होता. मग हू या मंडळीतल्या वादकांना आणखी मोठा आवाज हवा झाला आणि १९६५ च्या सुमारास १०० वॅटचे मार्शल आले. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा कामगार. पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तारा दाबायचीच बोटे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणे केली, ती बोटांत घातली आणि तो वाजवीत राहिला. त्यांची पहिली तबकडी १९७० साली निघाली. हेवी मेटल म्हणजे श्रीमंत पोरांचा धिंगाणा, असे आपल्या प्राध्यापकांपैकी काहींना वाटते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या संगीताचा उगम चिमणीच्या धुरात, पाळीवर जाणाऱ्या लोकांच्या वस्तीत आहे. जिनिंगच्या शेडमध्ये आठ तास कानावर जो आवाज पडतो तो ऐकल्यानंतर मला तरी आयोमीच्या गिटारचे नवल वाटेनासे झाले.

आपल्या देशातही हे लोण नवे नाही. मुंबईची रॉक मशीन ही मंडळी १९८४ सालची. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ पासूनचा. आयर्न मेडन २००७ साली आणि मेटॅलिका २०११ साली बंगळुरूला येऊन वाजवून गेली. खान्देशात मात्र ते आले फोनमधून. आमच्या ड्रमवाल्या मित्राने मेटॅलिकाचे पहिले गाणे केळीच्या ट्रकवर मागे बसून रावेरहून येताना ऐकले, असे तो सांगतो. खरेखोटे त्याचे त्याला ठाऊक.

तर या ड्रमवाल्याचा आग्रह गर्जणाऱ्या मशीनचा. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, जे मशीन सगळे करते ते काहीच धड करीत नाही. बाजारात आता संगणकी मशीने आली आहेत. बॉस कंपनीचे काटाना २०१६ साली निघाले, तेव्हापासून तर घरोघर. एका खुंटीवर फेंडरसारखा स्वच्छ, दुसरीवर मार्शलसारखा करकरीत, तिसरीवर आणखी भयानक. हा म्हणजे रायरंद झाला, असे आमचा मित्र म्हणतो. सकाळी पोलीस, दुपारी शंकर, संध्याकाळी हनुमान. आणि दारात उभा राहिला की सगळ्यांना ठाऊक की रायरंदच आहे. त्यापेक्षा एकच सोंग, पण अस्सल असावे. शिवाय मेटल वाजविणाऱ्याला तार दाबताच घट्ट, तुटक, छातीवर आदळणारा आवाज लागतो, आणि तो प्रत्येक मशीनला जमत नाही.

हे सगळे मान्य. पण याच मित्राला मी विचारले, की मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड शांत भाग कशावर वाजवितो? उत्तर असे, की रोलंडच्या जाझ कोरस मशीनवर. हे जपानी मशीन १९७५ सालचे, त्यात व्हॉल्व्ह नाहीत आणि ते स्वच्छ आवाजासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे गर्जनेचा बादशहासुद्धा स्वच्छ आवाजासाठी वेगळे मशीन बाळगून आहे! ज्याच्याजवळ दोन घेण्याची ऐपत आहे त्याच्यासाठी आमचा वादच नाही. आमच्यासारख्या एकाच मशीनवाल्यांचा खरा प्रश्न आहे तो पहिले कोणते घ्यावे हा.

माझे मत स्वच्छ आवाजाच्या बाजूने का झाले, ते घरी झालेल्या एका प्रसंगाने झाले.

माझे वडील, नाना, लग्नसराईत बँड पार्टीत बँजो वाजवितात. हा बँजो म्हणजे अमेरिकन चामड्याचा बँजो नव्हे. १९१२ साली जपानात नागोयाच्या मोरिता गोरो याने टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात त्याला वीज जोडून आपण बँजो म्हणू लागलो. २०१६ साली याच नावाचा हिंदी चित्रपटही आला. आमच्या पारोळा तालुक्यात उन्हाळ्यात एकही वरात याच्यावाचून निघत नसे. आता डीजेमुळे सुपाऱ्या कमी झाल्या, तरी कानबाईच्या विसर्जनाला आणि जुन्या घरांतल्या लग्नांना अजून बँजो लागतो.

तर आम्ही धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकाने पाहिली, जळगावला गोलाणी मार्केटात आणि फुले मार्केटात चौकशी केली, आणि शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून दोन्ही तऱ्हेचा आवाज असलेले एक जुने मशीन आठ दिवसांसाठी मागून आणले. मी ते एसटीत मांडीवर घेऊन गावी नेले. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट मागितले, ते सोडा. संध्याकाळी खळ्यात जोडले. विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे दिवा पिवळा पडतो, तेव्हा मशीनही थोडे कण्हले, पण चालले. मी आधी गर्जना दाखविली. नानांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "पत्रावर खिळा घासतस तसं वाजस." मग म्हणाले, मना बँजो लाव.

गर्जनेत बँजो लावला आणि गांधीलमाशांचे पोळे फुटले! याचे कारण मला नंतर उमगले. छाटलेल्या आवाजात एकदम अनेक सूर धरले की ते एकमेकांत मिसळून भलतेच सूर उत्पन्न करतात. म्हणूनच मेटलवाले पूर्ण स्वरसंघात न वाजविता षड्ज आणि पंचम एवढेच धरतात, गंधार गाळतात. सा आणि प यांचे इतके जमते की फाटक्या आवाजातही ते भांडत नाहीत. आपल्या तंबोऱ्यातही बहुधा हीच जोडी असते, आणि मिरजेचे कारागीर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढतात तीही एक प्रकारची मुद्दाम आणलेली खरखरच, वरच्या सुरांची गर्दी. त्यामुळे 'खरखर ही परकी गोष्ट आहे' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु बँजोवर मेलडीच्या तारा आणि सोबतीच्या तारा एकदम छेडल्या जातात. तिथे या गर्जनेचा निभाव लागत नाही.

मी खुंटी फिरवून स्वच्छ आवाज लावला. नानांनी सवयीने एक लग्नातली चाल धरली आणि दोन ओळींनंतर हात थांबविला. मला वाटले काही बिघडले. ते म्हणाले, "हाऊ मना हातना आवाज शे का?"

वीस वर्षे हा माणूस बँजो वाजवितो आहे. पण त्याने स्वतःला ऐकले ते नेहमी बँडच्या गाडीवरच्या भोंग्यांतून. भोंग्याचा स्वभाव असा, की मधले सूर तो मैलभर फेकतो, खालचे सूर त्याच्यापाशी जवळजवळ नाहीतच. भाषणाला, अजानीला, भजनाला तो चालतो, कारण शब्द लांबवर कळणे एवढेच तिथे हवे असते. गिटारच्या मशीनचा स्पीकर याच्या उलट : अगदी वरचे तीक्ष्ण सूर तो फारसे देतच नाही, त्यामुळे बँजोच्या पोलादी तारांचा चरचरीतपणा गळून पडला आणि बोटांचा दाब, कळ दाबताना होणारा हलका आघात, तार मरत जाताना होणारा आवाज, सगळे खळ्यात ऐकू आले. माय चूल सोडून दाराशी आली. (याच कारणाने, गर्जनेची पेटी गिटारच्या स्पीकरऐवजी सरळ भोंग्याला जोडली तर ऐकवत नाही. आमच्या मित्राने गॅदरिंगला हा प्रयोग केला होता. ज्यांनी तो ऐकला त्यांना अधिक सांगायला नको.)

मग नानांनी सांगितले, ट्रेबल वाढव. मी वाढविला. आणखी वाढव म्हणाले. मी पूर्ण उघडला. मला तो कानाला टोचू लागला होता, आणि ते मात्र म्हणत होते की आता बरा येतो. तेव्हा माझ्या लक्षात आले, की नानांना वरचे सूर ऐकूच येत नाहीत.

उजव्या कानाने ते कमी ऐकतात हे घरात सर्वांना ठाऊक होते. म्हाताऱ्याने डाव्या बाजूने बोलावे असे हसत सांगितले जाई. नाना म्हातारे नाहीत, पन्नाशीचेही नाहीत. पण बँडच्या गाडीवर ते डावीकडे उभे राहतात आणि भोंगा त्यांच्या उजव्या कानाशी असतो. मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी ४,००० कंपनांच्या आसपास जातो, आणि गेलेला परत येत नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे, की ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला आठ तासच असावे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे होतात. वरात तीन तास चालते. मला तर असेही वाटते, की आमच्या भागातल्या बँडचा आवाज वर्षानुवर्षे जो कर्कश होत चालला आहे त्याचे एक कारण हेच असावे : वाजविणाऱ्याला वरचे ऐकू येत नाही, म्हणून तो ट्रेबल वाढवितो, त्याने कान आणखी जातो, म्हणून तो आणखी वाढवितो. ऐकणारे मात्र समजतात की यांना आवडच तशी.

या प्रसंगानंतर मशीनच्या वादातला एक गोंधळ मला स्पष्ट दिसू लागला. आपण 'मोठा आवाज' आणि 'फाटका आवाज' या दोन गोष्टी एकच समजतो. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनांत त्या एकत्र येत, कारण मशीन पूर्ण उघडल्याशिवाय फाटत नसे. आज तसे नाही. गर्जना हळू आवाजातही मिळते. उलट स्वच्छ आवाज मोठा हवा असेल तरच जास्त वॅट लागतात, कारण न फाटता वर जायला मोकळी जागा हवी. दुकानदार मात्र वॅटवरून भाव सांगतात, आणि आम्हीही फसतो. ५० च्या जागी १०० वॅट घेतले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. मी धुळ्याच्या एका दुकानात हे बोलून दाखविले तेव्हा दुकानदाराने मला 'सर' म्हणायला सुरुवात केली आणि भाव तेवढाच ठेवला.

आणि वाजवायचे कुठे, हाही प्रश्न आहेच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहानंतर ध्वनिवर्धक बंद. शाळा, कॉलेज, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. मुंबईत धोबीतलावाचे रंगभवन, जिथे कितीतरी रॉक मंडळ्या वाजल्या, ते याच शांतता क्षेत्राच्या नियमाने मुके झाले. आमच्या मित्राला हा अन्याय वाटतो. मला अर्धा वाटतो. पण आमचे वसतिगृह काही रंगभवन नाही. समोरच्या खोलीत एमपीएससीचा अभ्यास करणारे तिघे राहतात आणि त्यातला एक आमच्याहून धिप्पाड आहे.

व्हॉल्व्हचे मशीन तर आमच्या आवाक्यातच नाही, आणि असते तरी मी घेऊ नका म्हटले असते. पूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावी व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस असे. आज व्हॉल्व्ह फुटला तर पुण्या-मुंबईला न्यावे लागेल, आणि अमेरिकेतून आणलेले ११०-१२० व्होल्टचे असेल तर मध्ये ट्रान्स्फॉर्मर आलाच. आमच्या बारा महिने पिवळ्या दिव्यांत त्याची काय दशा होईल!

म्हणून माझे मत असे झाले, की पहिले मशीन स्वच्छ आवाजाचे घ्यावे. वॅट बेताचे, स्पीकर मात्र शक्यतो १२ इंची. गर्जना हवी तेव्हा पायाखाली वेगळी पेटी ठेवावी. ती नंतर घेता येते. उलटे करता येत नाही : गर्जनेसाठीच घडविलेल्या मशीनला पुढे स्वच्छ बोलायला शिकविता येत नाही. पायाच्या पेटीने ती हुबेहूब गर्जना येणार नाही, हे ड्रमवाल्याचे म्हणणे खरे आहे आणि मी ते नाकारीत नाही. यंदाच्या युवारंगात आम्ही मेटल वाजविले तर परीक्षकांना फरक कळेल किंवा नाही ते सांगता येत नाही, त्याला स्वतःला मात्र कळेल, आणि त्याचे दुःख मला समजते. परंतु हे मशीन वर्षातून एक दिवस युवारंगात आणि चाळीस दिवस वरातीत वाजणार आहे. त्याचे इसाराचे पैसे येणार आहेत. मायला बकऱ्यांचा हिशेब त्यातूनच द्यायचा आहे.

शेवटी चौघांत मतदान झाले. गायक माझ्या बाजूने, बेसवाला तिच्या बाजूने म्हणजे ज्या बाजूने स्वस्त पडेल तिच्या. ड्रमवाला एकटा पडला. मशीन घेतले आहे. पहिल्या लग्नसराईच्या मिळकतीतून त्याच्या पसंतीची पेटी घ्यायची, असा लेखी करार त्याने आमच्याकडून करून घेतला आहे आणि वहीच्या त्या पानावर आम्हा तिघांच्या सह्या आहेत. नानांनी बँडच्या मालकाला सांगून भोंगा गाडीच्या मागच्या बाजूला बांधून घेतला आणि आपले हे मशीन पायाशी ठेवले. कानात कापूस घालायला मात्र ते अजून तयार नाहीत, लोक हसतील म्हणतात. ट्रेबलची खुंटी मी चिकटपट्टी लावून मध्यावर बसविली आहे. ते ती काढतात. मी परत लावतो.

ड्रमवाल्याला माझे म्हणणे अजूनही पटलेले नाही. त्याने आपली बाजू पुढच्या वर्षीच्या अंकात लिहावी. संपादक मंडळ त्याला जागा देईल अशी माझी खात्री आहे, फक्त तो लेख वेळेवर देईल का, एवढीच शंका.